पाहुण्यांसाठी चार पानं

कामं वाटण्याची बैठक ऑगस्टमध्ये झाली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि विभागप्रमुख सर वहीतून एकेक नाव वाचत होते. निबंधांची छाननी, सभागृह, छपाई, प्रायोजक. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, आतिथ्य तुमच्याकडे. आणि बाहेरच्या पाहुण्यांसाठी ते पत्रक असतं ना, चार पानांचं, हवामान, कपडे, स्थानिक संस्कृती वगैरे, तेही तुम्हीच लिहा. नमुना मी पाठवतो."

परिषद वनस्पतिशास्त्राची होती. पुण्यात, 8 ते 11 ऑक्टोबर 2024. बाहेरून येणारे एकवीस जण. त्यातले बरेचसे भारतात पहिल्यांदाच येणार होते.

नमुना आला तो युरोपातल्या कुठल्याशा परिषदेचा. छान मांडणी, कोपऱ्यात लालपिवळ्या पानांचं चित्र, आणि मथळा 'ऑटम वेदर अँड लोकल कल्चर'. सरांचं म्हणणं होतं की शहराचं नाव आणि तापमानाचे आकडे बदलले की झालं. मी संगणकासमोर बसले आणि मथळ्यातल्या पहिल्याच शब्दापाशी अडले.

शब्दकोश म्हणतो ऑटम म्हणजे शरद. आश्विन-कार्तिक. महिने जुळतात, पण चित्र जुळत नाही. मी वर्गात गेली बावीस वर्षं पानगळ शिकवते. थंड देशांत दिवस लहान होतो, गारठा वाढतो, झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला नत्र आत ओढून घेतं. हिरवा रंग उतरला की आधीपासून पानात असलेला पिवळा दिसू लागतो, काही झाडं वरून लाल रंग नव्याने तयार करतात, आणि मग पान सुटतं. तिकडे हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरात घडतं. आपल्याकडे झाडाला थंडीची भीती नाही, पाण्याची आहे. ऑक्टोबरात सह्याद्रीतली जमीन चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेली असते. झाडाने पान टाकावं असं काहीच कारण त्या वेळी नसतं. पानं गळतात ती जमीन सुकल्यावर, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. म्हणून तर आपली पानगळ शिशिरातली.

शिवाय येणाऱ्यांत एक बाई ब्राझीलच्या होत्या. त्यांच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत. केनियाहून एक प्राध्यापक येणार होते, त्यांच्याकडे ऑक्टोबरात छोटा पावसाळा सुरू होतो. फिनलंडच्या बाईंना तेवढा तो शब्द लागू पडला असता. एका शब्दाने तीन माणसांना तीन वेगवेगळ्या पिशव्या भरायला लावल्या असत्या, आणि तिन्ही चुकीच्या. मी मथळा खोडला आणि लिहिलं, 'पुण्यातला ऑक्टोबर'. कोपऱ्यातली लाल पानंही काढली.

मग आकडे. ऑक्टोबरात पुण्यात दुपारी साधारण 31-32 अंश, पहाटे 18 ते 20. कागदावर हे फार काही वाटत नाही. एप्रिल-मेमधल्या 37-38 पेक्षा बरंच कमी. पण ऑक्टोबरची हीट ज्याने सोसली आहे त्याला माहीत असतं की हे 32 वेगळे. पावसाचे ढग बाजूला झालेले, ऊन सरळ डोक्यावर, आणि जमीन अजून ओली. तिची वाफ वर येत राहते, घाम सुकत नाही. पाहुण्यांना आकडा सांगून भागणार नव्हतं, म्हणून मी लिहिलं: सुती कपडे आणा, गडद रंग टाळा, अकरा ते चार उन्हात चालू नका. आणि स्वेटर आणू नका. ही ओळ मी ठळक केली, कारण ऑक्टोबर म्हटलं की उत्तरेकडचा माणूस स्वेटर भरतोच.

पावसाचं मात्र मला ठरवता येईना. हवामान खात्याने 2020 साली मोसमी पावसाच्या ये-जा करण्याच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. पुण्यातून पाऊस परतण्याची सरासरी तारीख आहे 9 ऑक्टोबर. म्हणजे आमच्या परिषदेचा दुसरा दिवस. सरासरी म्हणजे काही निरोप समारंभाची तारीख नव्हे. एखाद्या वर्षी आधी, एखाद्या वर्षी बरंच नंतर. मी रोज कामाला जाताना सिमला ऑफिसच्या चौकातून जाते. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीचं आणि चौकाचं नाव सिमला. जिथून साऱ्या देशाच्या पावसाकडे नजर ठेवली जाते त्या चौकात सिग्नलला थांबून मी विचार करत होते की छत्री लिहू की नको.

शेवटी आमच्या बागेतल्या माळीमामांना विचारलं. मामा मूळचे पुरंदरचे, कोरडवाहू शेतीत वाढलेले. पाऊस ते महिन्यांत मोजत नाहीत, नक्षत्रांत मोजतात.

"मामा, 8 ते 11 ऑक्टोबर पाऊस असेल का हो?"

त्यांनी बोटं मोजली. "हत्ती 10 तारखेपर्यंत आहे बाई. मग चित्रा. हत्ती जाताना सोंड फिरवून जातो, तेव्हा चारच्या पुढं कुणाला उघड्यावर बसवू नका. सकाळचं काही भ्या नाही."

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र. सूर्य हस्तात येतो 27 सप्टेंबरच्या आसपास, चित्रात 10 ऑक्टोबरच्या आसपास, आणि स्वातीत 24 ला. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणणारा आपला शेतकरी ऑक्टोबरअखेरच्या सरीचीही वाट बघतो, रब्बीला ओल मिळते म्हणून. मामांचं दुपारी चारचं गणित शास्त्राशीही जुळतं. सकाळी आकाश स्वच्छ, ओली जमीन तापते, वाफ वर चढते, दुपारी तीनच्या सुमाराला फुलकोबीसारखे ढग उभे राहतात आणि तासाभरात गडगडाटासह कोसळतात. तेही एका पेठेत, दुसऱ्या पेठेत कोरडं. मी पत्रकात मामांचं म्हणणं जवळजवळ तसंच घातलं. छत्रीबद्दल सहा ओळी लिहिल्या.

हवामानाचं पान आधी पाठवलं आणि 25 सप्टेंबरला पुण्यात असा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीचा पंतप्रधानांचा दौरा रद्द करावा लागला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचं उद्घाटन मग 29 तारखेला दूरस्थ पद्धतीने झालं. बातम्यांतले रस्त्यांवरच्या पाण्याचे फोटो पाहून मला दोन दिवसांत सात मेल आले. एकाने विचारलं होतं, विमानाचं तिकीट रद्द करू का. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं. खोटा धीर दिला नाही. असा पाऊस पुन्हा होऊ शकतो, पण तो काही तासांचा असतो, दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, आणि तुमची राहण्याची जागा नदीपासून दूर, उंचावर आहे, एवढं सांगितलं. एकही तिकीट रद्द झालं नाही.

संस्कृतीचं पान लिहायला मला आठ दिवस लागले. नमुन्यात तिथे संग्रहालयांच्या वेळा होत्या. आमच्या तारखा पडल्या होत्या बरोब्बर नवरात्रात. 3 ऑक्टोबरला घट बसले, 12 ला दसरा, 16 ला कोजागिरी. घटस्थापनेच्या त्याच दिवशी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली. माझ्या हाती पत्रकाचा शेवटचा खर्डा होता, तेव्हा तळाला एक ओळ वाढवली: 'तुम्ही इथे जी भाषा ऐकाल तिचं नाव मराठी.' साधीशी ओळ, पण लिहिताना मला खूप बरं वाटलं. बाहेरच्या माणसाला आपली भाषा म्हणजे फक्त 'लोकल लँग्वेज' असते. तिला नाव आहे हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार?

बाकी मी तीच माहिती घातली जी पाहुणा दाराबाहेर पडल्यावर त्याच्या समोर येणार होती. पाहुण्यांची सोय सेनापती बापट रस्त्याजवळ होती, म्हणजे चतुःशृंगीच्या जत्रेपासून चालत पंधरा मिनिटं. संध्याकाळी तिकडची वाहतूक वळवलेली असते, रिक्षा लांब सोडते, गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. रात्री दांडियाचे लाउडस्पीकर वाजतील, झोप सावध असेल तर कापसाचे बोळे आणा. देवळात चपला बाहेर, आणि कुणी हातावर प्रसाद ठेवला तर उजवा हात पुढे करा. नको असेल तर कपाळाला लावून परत द्या, कुणाला वाईट वाटणार नाही.

8 तारखेला उद्घाटन. स्वयंसेवक मुली सगळ्या लाल साड्यांत. पाहुण्यांना वाटलं तो गणवेश आहे. दुसऱ्या दिवशी त्याच मुली गडद निळ्यात आल्या तेव्हा फिनलंडच्या बाईंनी विचारलं. मी नवरात्रातल्या नऊ रंगांबद्दल सांगितलं, आणि हेही सांगितलं की ही काही पुरातन रीत नाही, गेल्या वीसेक वर्षांत वर्तमानपत्रांमुळे रुजलेली आहे. एक सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कशाला सांगितलंस? जुनी परंपरा म्हटलं असतं तर त्यांना जास्त आवडलं असतं." मला ते पटलं नाही. ही माणसं झाडाच्या एका उपजातीसाठी आयुष्य घालवतात, त्यांच्यापुढे खोटी वंशावळ का मांडायची? वीस वर्षांची रीतही रीतच असते. लोकलच्या डब्यात, बँकेत, शाळेत एकाच रंगाच्या शेकडो बायका दिसतात तेव्हा त्या रंगाचा आनंद खराच असतो.

उद्घाटनाला शाल-श्रीफळ दिलं. सभागृहातला एसी त्या दिवशी 20 वर अडकलेला, खाली येईना, वर जाईना. बाहेरच्या उकाड्यासाठी सुती कपडे घालून आलेली माणसं अर्ध्या तासात आखडली आणि एकामागून एक शाली उघडल्या गेल्या. दुपारी मी पत्रकाची सुधारित प्रत काढली आणि त्यात लिहिलं, अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवा, सभागृहासाठी. स्वेटरची ठळक ओळ मी फार घाईने लिहिली होती.

त्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं. आमच्यातल्या निम्म्या जणांचे नऊ दिवसांचे उपास होते, म्हणून दोन टेबलं वेगळी लावली होती. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, वरईचा भात, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा. ब्राझीलच्या बाई आल्या, खिचडीतला एक दाणा बोटांत धरून दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर आमचा मॅंडिओका!" खरंच होतं. साबुदाणा होतो कसावाच्या कंदातल्या स्टार्चपासून, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, पण ते झाड समुद्र ओलांडून आलेलं. बाईंनी मग टेबलावर एकेक पदार्थ मोजायला सुरुवात केली. शेंगदाणा, दक्षिण अमेरिका. बटाटा, अँडीज. मिरची, अमेरिका खंड. राजगिराही तिकडचाच. राहता राहिली वरई आणि शिंगाडा.

"मग तुमच्या देवीला आमचं जेवण कधीपासून चालतं?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं होतं.

मी सांगितलं की उपासाचा नियम काय खायचं नाही याचा आहे: नेहमीचं धान्य नाही, डाळ नाही. पोर्तुगीज जहाजांतून ही नवी पिकं आली तेव्हा ती कुठल्याच जुन्या यादीत नव्हती, म्हणून चालून गेली. हे माझं अनुमान, पण मला ते पटतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे याच स्टार्चचं तव्यावर धिरड्यासारखं करतात आणि न्याहारीला खातात. त्या दिवसापासून त्या रोज उपासाच्याच टेबलावर बसल्या.

9 तारखेच्या संध्याकाळी मुलींनी भोंडला ठेवला होता. पाटावर रांगोळीने हत्ती काढला, भोवती फेर धरला. भोंडला का हत्तीभोवती, हे सांगताना मला माळीमामांचा हत्ती पुन्हा भेटला. हस्त नक्षत्राचाच हत्ती. पाऊस निरोप घेतो आहे, शेतात पीक उभं आहे, अशा दिवसांतला हा खेळ. काही भागांत त्याला हादगा म्हणतात, हादग्याच्या झाडाची फांदी मध्ये लावून. विदर्भात भुलाबाई, ती कोजागिरीपर्यंत चालते. मी एवढं सगळं बोलत होते तोवर केनियाचे प्राध्यापक फेरात जाऊन उभेही राहिले होते. शेवटी खिरापत ओळखायची पाळी आली. मुलींनी डबा वाजवून दाखवला. गोड की तिखट? ओली की कोरडी? पाहुण्यांनी जवळजवळ वीस पदार्थ सांगितले, सगळे त्या दोन दिवसांत खाल्लेले. शेवटी डबा उघडला, वाटली डाळ निघाली, आणि कुणालाच ओळखता आली नाही म्हणून मुलींचा जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता.

10 तारखेची सकाळ गंभीर होती. आदल्या रात्री रतन टाटा गेल्याची बातमी आली होती, राज्यात दुखवटा होता. सिंहगडाला जायची बस निघण्याआधी आम्ही सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिलो. पाहुण्यांपैकी बहुतेकांना ते नाव माहीत होतं.

सिंहगड मी निवडला तो सोनकीसाठी. पाऊस ओसरताना गडाच्या उतारांवर पिवळी सोनकी फुलते, कवल्याची फुलं असतात, गवताला तुरे आलेले असतात. आमच्या माणसांना किल्ला चढायला अडीच तास लागले, कारण प्रत्येक दहा पावलांवर कुणीतरी गुडघ्यावर बसून भिंग काढत होतं. सकाळी आकाश इतकं स्वच्छ होतं की मी स्वतःच म्हटलं, छत्र्या बसमध्ये राहू द्या, चढायला हात मोकळे हवेत. आपणच लिहिलेल्या सहा ओळी मी त्या क्षणी बाजूला ठेवल्या.

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी थांबून, 1670 सालची ती रात्र थोडक्यात सांगून आम्ही देवटाक्याकडे निघालो. पावणेतीन वाजले असतील. राजगडाच्या बाजूने एक ढग आला. काळा नव्हे, जांभळट. पिठलं-भाकरीच्या झोपडीतल्या मावशी पळत बाहेर आल्या आणि ओरडल्या, "बाई, माणसं आत घ्या! उघड्यावर थांबू नका!" मला वाटलं भिजू नये म्हणून सांगताहेत. तेवढ्यात वीज चमकली. केनियाचे प्राध्यापक मोठ्याने आकडे मोजू लागले. सात मोजून झाले आणि गडगडाट झाला. पुढची वीज, चार. ते म्हणाले, "तीन सेकंदांना एक किलोमीटर. मी तलावाकाठच्या गावातला आहे, आमच्याकडे पोरांना हे आधी शिकवतात. आत चला."

एकवीस पाहुणे आणि आम्ही नऊ जण त्या दोन झोपड्यांत पाऊण तास दाटीवाटीने बसलो. पत्रा वाजत होता, शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मावशींनी चूल बंद केली नाही, गरम भाकऱ्या थापत राहिल्या, मडक्यातलं दही वाढत राहिल्या. पाहुणे मजेत होते. मी नव्हते. गडाच्या उघड्या माथ्यावर, लोखंडी टोकाची छत्री उघडून तीस माणसं उभी राहिली असती तर काय झालं असतं, हेच माझ्या डोक्यात. छत्र्या खाली राहिल्या हे बरंच झालं म्हणायचं. पत्रकात पावसाबद्दल सहा ओळी होत्या, विजेबद्दल एकही नव्हती. परतीच्या पावसात आपल्याकडे माणसं मरतात ती अनेकदा विजेने, शेतात काम करताना, झाडाखाली आडोशाला थांबून. हे मला माहीत होतं. लिहायचं सुचलं नाही, कारण मी शहरातला पाऊस डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होते.

मावशींना विचारलं, तुम्हाला आधी कसं कळलं? म्हणाल्या, "राजगड दिसेनासा झाला की आम्ही आवरायला घेतो."

रात्री घरी येऊन मी तिसरी प्रत केली. डोंगर, मोकळं माळरान, नदीकाठ इथून दुपारी दोनच्या आत परत फिरा. गडगडाट ऐकू आला की पक्क्या छपराखाली किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली थांबू नका. स्थानिक माणूस आत या म्हणाला तर कारण नंतर विचारा.

11 तारखेला परिषद संपली. समारोप, प्रमाणपत्रं, फोटो. बरेच जण रात्रीच्या विमानाने गेले. चौघे राहिले, कारण मी पत्रकात लिहिलं होतं की जमलं तर दसऱ्याला थांबा.

12 ला सकाळी सात वाजता त्यांना घेऊन महात्मा फुले मंडईत गेले. झेंडूचे ढीग, शेवंती, भाताच्या आणि ज्वारीच्या लोंब्यांची तोरणं, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना फांद्यांच्या राशी. आपट्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या. रघुराजाने कौत्सासाठी कुबेराकडून मागितलेलं सोनं झाडावर बरसलं आणि त्या झाडाची पानं सोनं झाली, ही गोष्ट मी गाडीतच सांगितली होती. चौघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. राशीपाशी वाकले आणि एकमेकांकडे पाहू लागले. मी ज्याची वाट पाहत होते तेच झालं. फिनलंडच्या बाई म्हणाल्या, "ही दोन झाडं आहेत."

बरोबर. आपटा म्हणजे बाउहिनिया रेसिमोसा. पान लहान, लांबीपेक्षा रुंदी जास्त, चामड्यासारखं जाड, खालून करडं. कांचनाचं पान मोठं, पातळ, लांबट. दोन्ही मधोमध दुभंगलेली, म्हणून फसगत होते. रानातला आपटा कमी झाला, म्हणून शहरात कांचन ओरबाडला जातो.

मी विकणाऱ्या मावशींना म्हटलं, "हा आपटा नाही हो, कांचन आहे."

"माहितीय की," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक दोन पाकळ्यांचं पान मागतं, मी दोन पाकळ्यांचं देते. दिवसभरात विकलं नाही तर उद्या याचा पाला."

त्यांना मी काय बोलणार? त्यांचा दिवस त्या राशीवर होता. पण दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुडवल्या गेलेल्या पानांचा तो चिखल मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी जीव तुटतो. परदेशात लोक ऑक्टोबरात पानगळ बघायला जातात. आमच्या झाडांची पानं ऑक्टोबरात एकाच दिवशी उतरतात, आणि ती झाड उतरवत नाही, आम्ही उतरवतो. चार महिन्यांच्या पावसाने कमावलेली, अजून तीन-चार महिने काम करणारी पानं. सोनं द्यायला एक पान पुरतं. माझी आजी एकच द्यायची, तेही अंगणातल्या झाडाची परवानगी मागून, नमस्कार करून.

आम्ही विभागाच्या बागेत आलो. तिथे आपट्याचं एक जुनं झाड आहे. माळीमामांनी हत्यारांची पूजा मांडली होती: कोयता, खुरपं, कात्री, पाण्याचा पाइप, सगळ्यांना झेंडू. त्यांनी झाडाची पाच पानं खुडली. मी प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." चौघांनी तेच शब्द मोडक्यातोडक्या मराठीत मामांना परत म्हटले. पाचवं पान मामांनी मला दिलं.

मग तो अवघड क्षण आला, जो मला अपेक्षितच होता. ते पान त्यांना नेता येणार नव्हतं. भारतातला वनस्पतींचा नमुना परदेशी संशोधकाने परवानगीशिवाय नेण्याला 2002 च्या जैवविविधता कायद्याने बंदी आहे, आणि विमानतळावर वनस्पती तपासणीचे नियम वेगळेच. एका पानाला कुणी अडवलं नसतं कदाचित. पण ती चौघं हा कायदा आपापल्या देशांत विद्यार्थ्यांना शिकवणारी माणसं. दिलेलं सोनं परत मागायचं कसं, हे मला सुचेना.

मला काही बोलावंच लागलं नाही. फिनलंडच्या बाईंनी वही काढली, पान कागदावर ठेवलं, पेन्सिलीने कड गिरवली, मग उचलून उजेडात धरून एकेक शीर काढली. वीसेक मिनिटं लागली. बाकीचे तिघेही बसले. कुणी बोलत नव्हतं. चित्र झाल्यावर त्यांनी ते पान झाडाच्या बुंध्याशी मातीवर ठेवलं आणि मला विचारलं, "आमच्याकडे या दिवसांतल्या रंगांना एक शब्द आहे, रुस्का. लॅपलंडमध्ये लोक त्यासाठी प्रवास करतात. तुमच्याकडे झाडं लाल कधी होतात?"

मी म्हटलं, होतात, पण पानं जाताना नाही, येताना. मार्चमध्ये. तेव्हा कळवीन.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुळशीच्या रस्त्याला आमच्या ओळखीचं एक कुसुंबाचं झाड आहे, ते पालवलं. कुसुंबाची नवी पालवी तांबडीलाल असते, दुरून फुलांनी लगडल्यासारखं वाटतं. खाली जुनी वाळकी पानं पडलेली, वर ऊन लागून सगळं झाड पेटल्यासारखं. मी फोटो काढून चौघांना पाठवला. खाली लिहिलं, 'पालवी'. मूळ मराठीत, देवनागरीत, भाषांतर न करता.

त्या रात्री हेलसिंकीहून उत्तर आलं. वहीतल्या एका पानाचा फोटो होता. आपट्याच्या चित्राखाली त्यांनी तो शब्द बघून बघून उतरवला होता. 'पालवी'च्या वेलांटीचं वळण उलटं पडलं होतं. मी तो शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला, वेलांटीला बाण दाखवला आणि परत पाठवला.